मेमची पाठवणी

मला दोन महिन्यांसाठी आणलं होतं. मावशीचं पहिलं बाळंतपण, हाताखाली कुणीतरी हवं, म्हणून बीडच्या पलीकडच्या आमच्या डोंगरातल्या गावाहून मावशीचे यजमान, आमचे काका, मला घेऊन आले. आधी एसटी, मग रेल्वे, मग दुसरी रेल्वे. लोणावळ्याला उतरलो तेव्हा ढग इतका खाली आला होता की मला वाटलं, कुठंतरी काहीतरी पेटलंय, आणि हे सगळे लोक शांतपणे चाललेत कसे? दोन महिने झाले. बाळू पालथा पडायला लागला, मग रांगायला लागला, मग कोठीला धरून उभा राहिला, आणि मी तिथंच होते. कुणी काही म्हणालं नाही. कुणी काही म्हणू नये याचीच मला काळजी. आपण पाहुणे आहोत याची कुणाला आठवण होऊ द्यायची नाही, असं मी मनाशी ठरवून टाकलं. चालताना पाय वाजवायचे नाहीत, आजारी पडायचं नाही, ताटात दुसऱ्यांदा काही घ्यायचं नाही. माझी पत्र्याची पेटी दाराशी असायची, पाहुण्यांची असते तशी. ती मी एका दुपारी उचलली आणि तांदळाच्या कोठीमागं सरकवून ठेवली. पेटी दिसली की जाणं आठवतं, असा माझा हिशेब. पुढं कधीतरी झाडताना बघितलं, तर पेटी मी ठेवली होती त्याहूनही आत, पार भिंतीला टेकलेली. काकांचा धक्का लागला असेल, असं मी धरून चालले.

गावाचा मला राग नव्हता. वडील गेल्यावर आई रोजानं शेतावर जायची, मागं धाकटी भावंडं. पाचवीनंतरची शाळा नदीपलीकडं होती, आणि धाकट्याला घेऊन बसणारं घरात दुसरं कुणी नव्हतं, म्हणून माझी शाळा सुटली. मी परत गेले की त्या घरात खाणारं एक तोंड वाढणार हे मला कळत होतं, आणि चुलत्यांनी माझ्यासाठी एक स्थळ हेरून ठेवलंय हेही कानावर आलं होतं. पण खरं सांगायचं तर भीती वेगळीच होती. वडील गेले त्या दिवशी शेजारच्या बायकांनी ओल्या फडक्यानं आईचं कपाळ पुसलं. आई हलली नाही. पुसल्यावर तिथं तांबूस डाग राहिला, तर एकीनं फडकं पुन्हा भिजवून आणलं आणि परत पुसलं. ते परत पुसणं मी कधी विसरले नाही. तेव्हापासून घरात मी आईच्या तोंडाकडं बघायची नाही, हातांकडं बघून बोलायची. आणि हितं, लोणावळ्यात, मावशीच्या कपाळावर ठसठशीत कुंकू. दिवसभर तिच्या तोंडाकडं बघत राहिलं तरी चालायचं. एवढ्यासाठी मी राहायला तयार होते.

मावशीचं घर म्हणजे रेल्वेच्या चाळीतल्या दोन खोल्या. काका गँगमन, घाटात रुळांच्या गस्तीला जायचे आणि येताना कधी करवंदं, कधी रानभाजी टॉवेलात बांधून आणायचे. घाट चढून आलेल्या गाडीला मागून रेटणारी इंजिनं स्टेशनात सोडवत, तेव्हाचा खण्णकन आवाज आमच्या भिंतीतून यायचा. त्या आवाजावर मावशी भात टाकायची. भाताशी माझं जमायला फार वेळ लागला. आमच्याकडं भात म्हणजे सणाला, नाहीतर तापात. मावळात सकाळी भात, संध्याकाळी भात, भाकरीसुद्धा तांदळाची, पांढरीशुभ्र, हातात घेतली की वाटावं कुणाची तरी चूक झालीय. ज्वारीच्या भाकरीवर वाढलेलं माझं पोट जेवून उठलं तरी मागं वळून बघायचं. मावशीला ते कळलं असावं. बाजारात कुठं ज्वारी मिळाली की मूठ-दोन मूठ आणायची, दळायला आमच्या जात्यावर बसायची आणि एकच भाकरी थापायची. "हं, खा. तुझ्यासाठी न्हाई केली, मलाच आठवण झालती," म्हणायची. आणि स्वतः भात खायची.

मावशी 'मजल्याच्या दुकानात' शिवणकाम करायची. पाटीवरचं इंग्रजी नाव लांबलचक होतं. ते कुणी घेत नसे. गावात दुमजली दुकान ते एकच, म्हणून मजल्याचं दुकान. साहेबांच्या काळात बंगल्यांवर राहणाऱ्या गोऱ्या लोकांसाठी कुणा पारशी गृहस्थानं ते काढलं होतं, आणि माझ्या वेळी त्याची सून खोरशेदबाई ते चालवत होती. खाली भांडी, बिस्किटं, कंदील, छत्र्या, खेळणी. वर कापड, बूट, टोप्या आणि मागं आमची शिवणखोली. सुईपासून पाळण्यापर्यंत सगळं एका छपराखाली. आज याचं कुणाला कौतुक वाटणार नाही. माझी नातवंडं मॉलमध्ये जन्मल्यासारखी वावरतात. पण मी पहिल्यांदा त्या दारात उभी राहिले तेव्हा आतली गुळगुळीत फरशी बघून चपला हातात घेतल्या होत्या. मावशी म्हणाली, "घाल की पायात. देऊळ हाय का ते?"

बाळू सहा महिन्यांचा झाला आणि मावशी त्याला घेऊन पुन्हा कामावर जायला लागली, तेव्हा मला तिथं शेगडीचं काम मिळालं. लोणावळ्याच्या पावसाची ज्यांना सवय नाही त्यांना हे काम कळणार नाही. चार महिने ऊन म्हणून दिसत नाही. भिंती घाम सोडतात, बुटांवर हिरवी लव उगवते, आणि कापडाचा तागा चार दिवस हलवला नाही तर त्यावर काळे ठिपके पडतात. म्हणून दुकान उघडायच्या आधी लोखंडी शेगडीत निखारे घालून ती कापडाच्या कपाटांमधून फिरवायची. ठिणगी उडाली तर सगळं संपलं आणि शेगडी लांब धरली तर दमट तसंच. मधला तो हातभर अंतराचा रस्ता पकडून चालायचं. माझ्यासारख्या भित्र्या मुलीला याहून चांगलं काम कुणी देऊ शकलं नसतं. दुकानात आवाज दोनच. एक कापडखात्यातल्या टेबलाच्या कडेला ठोकलेल्या पितळी गजावर कापड मोजताना होणारी सळसळ, आणि दुसरा चिमणीचा. खालच्या विक्रीच्या टेबलापासून वर कॅशियरच्या खिडकीपर्यंत एक तार ताणलेली होती. गिऱ्हाइकाचे पैसे लाकडी डबीत घालून दोरी ओढली की डबी तारेवरून सूंऽऽ करत वर जायची आणि सुटे घेऊन परत यायची. तिला सगळे चिमणी म्हणत. दुकानात ओरडायचं नाही असा बाईंचा दंडक होता, पण "चिमणी आली!" एवढं ओरडायला परवानगी होती.

आणि वरच्या मजल्यावर, रस्त्याकडच्या खिडकीत मेम होती. मेम म्हणजे कपडे घालून उभा करायचा पुतळा. विलायतेहून बोटीनं आलेली. निळे डोळे, नाकाच्या शेंड्याचा जरासा टवका उडालेला, पायाखाली लोखंडी बैठक आणि उजवा हात वर उचललेला. साहेबांच्या वेळी त्या हातात छत्री असायची म्हणे. छत्री गेली, हात तसाच राहिला. रस्त्यापलीकडच्या कुणालातरी थांब म्हणतेय असं वाटायचं. तिचे कपडे बदलायचं काम शिवणखोलीचं. तिचे हात खांद्यातून निघत, पंजे मनगटातून निघत. पण त्या कामाचा एक रिवाज होता. मेमचे कपडे बदलताना दोघींनी चारी बाजूंनी चादर धरायची आणि पुरुषांनी खाली जायचं. हा रिवाज कुणी घातला माहीत नाही. मी एकदा हसले, तर मावशीनं डोळे वटारले. "बाईच हाय न्हवं ती? मग?"

त्या वर्षी पाऊस लांबला आणि गिऱ्हाईक आटलं. बंगलेवाले आता मुंबईहूनच सगळं घेऊन येत. नवरात्र तोंडावर आलं तेव्हा खोरशेदबाई शिवणखोलीत आल्या. उंच, सडपातळ, काठाची साडी उलट्या पदराची, हातात कायम चष्म्याचं घर. मावशीला म्हणाल्या, "ही नवरात्र बघते मी. कापड नाही खपलं तर कापडखातं बंद. बिस्किट नि भांडी पुरे मला." माझा हिशेब लगेच सुरू झाला. कापड नाही तर शिवण नाही, शेगडी नाही. मावशीचं काम गेलं की काकांच्या एकट्याच्या पगारात घर चालणार, आणि मग कुणालातरी आठवणारच, की हिला दोन महिन्यांसाठी आणलं होतं.

मावशीनंच तोड काढली. "बाई, बाजारला कार्ल्याच्या, पवनेकडच्या खेड्यांतल्या बायका उतरतात. पायरीपर्यंत येतात अन् माघारी जातात. त्यांना वाटतं, हितं आपल्या जोगं काही नाही. मेमला लुगडं नेसवून दारात उभं करू."

"नऊवारी? तिला?" बाई हसल्या. मग मेमकडं पाहून हसायच्या थांबल्या. "करा."

नऊवारी नेसवणं सोपं गेलं नाही. मेमची कंबर रंगवलेली, गुळगुळीत; गाठ मारली की लुगडं सरकन खाली. शेवटी मी कमरेला मांजरपाटाची खरखरीत पट्टी गुंडाळली आणि तिच्यावर गाठ बसवली. बैठकीतून एका पायात सळई गेलेली असल्यामुळे काष्टा एका बाजूनं चोरून घ्यावा लागला. हिरवं इरकली लुगडं, खणाची चोळी. पंजा काढून मनगटात हिरवा चुडा भरला, पंजा परत बसवला. मावशीनं आपली नथ धुऊन तिच्या टवका उडालेल्या नाकाला मेणानं चिकटवली. चादर खाली केली आणि आम्ही दोघी मागं सरकून बघत राहिलो. सगळं होतं आणि काहीतरी नव्हतं. ते कोरं, पांढरं कपाळ. माझ्याच्यानं बघवेना. मावशीचा करंडा टेबलावर होता. मी बोट बुडवलं आणि मेमच्या कपाळावर कुंकू लावलं, चांगलं मोठं.

"आता कशी बाई दिसली," मावशी म्हणाली.

बाजारचा दिवस होता. मेमला आम्ही दारातून आत शिरल्यावर समोर, जिन्याच्या पायथ्याशी उभी केली होती. सकाळी थोड्या बायका आल्या, लांबून पदराचं टोक तोंडात धरून बघून गेल्या. मग कार्ल्याची एक म्हातारी आली, भागूबाई. डोक्यावर रिकामी पाटी. भाजी विकून झाली असावी. ती पायरीवर थांबली, मेमकडं बघितलं आणि चपला काढल्या. आत आली. कमरेच्या पिशवीतून ओंजळभर तांदूळ काढले, पाटीतला नारळ घेतला, आणि कुणाला काही कळायच्या आत मेमच्या पदरात, मी खोचून ठेवलेल्या ओच्यात, तिची ओटी भरली. मग वाकून तिच्या लोखंडी बैठकीला हात लावून नमस्कार केला. मेमचा उजवा हात वरच होता. इतकी वर्षं त्या हातानं कुणालातरी थांब म्हटलं होतं. त्या क्षणी मला पहिल्यांदा दिसलं, की लुगड्यात तो हात आशीर्वादाचा झालाय.

मी धावत गेले. "आज्जी, आज्जी, बाहुली आहे ती. दुकानातली. लुगडी दाखवायला ठेवलीय."

भागूबाईनं माझ्याकडं आपादमस्तक पाहिलं. "मला काय डोळं न्हाईत व्हय? बाहुलीच हाय. गौर तरी काय असती? तेरड्याची पेंडी आन् वर मुखवटा. लुगडं कुनी नेसवलं हिला?"

"मी."

"चुडा?"

"मीच."

"कुकू?"

मी मान हलवली.

"समदं केलंस आन् वटी रिकामी ठिवलीस? नवरात्रात? सवाष्ण दारात हुबी करून?" ती दाराकडं वळून ओरडली, "अगं ए, या गं हितं! वटी भरायची ऱ्हाइलीया हिची."

आणि त्या आल्या. पायरीवरून माघारी जाणाऱ्या सगळ्या. दाराबाहेर चपलांचा ढीग झाला. कुणी बाजारात विकायला आणलेले तांदूळ, कुणी खण, कुणी नुसतं हळदीकुंकू. एक जण डोंगरावरच्या वाडीतून कोळसा विकायला येणारी, माझ्या शेगडीचा कोळसा तीच द्यायची. तिच्याजवळ काही नव्हतं, तिनं रानातली फुलं मेमच्या पायाशी ठेवली. दुकानात रांग लागली. बिस्किटं घ्यायला आलेली बंगल्यावरची एक बाई हसत सुटली आणि तिनं बरोबरच्या माणसाला कॅमेरा आणायला पिटाळलं. कॅशियरकाका वरच्या खिडकीतून डोकं काढून विचारत होते, "अहो, काय चाललंय काय?"

खोरशेदबाई जिना उतरल्या. मी इतकी वर्षं त्यांच्याबद्दल विचार केलाय, म्हणून खात्रीनं लिहिते, त्या रागावल्या नव्हत्या. त्या घाबरल्या होत्या. मला बाजूला ओढून खालच्या आवाजात म्हणाल्या, "शूं केलंस तू हे, पोरी? मी पारशीण. उद्या गावात कोणी बोलेल, पारशिणीनं धंद्यासाठी बाहुलीची देवी केली, आमच्या देवाची थट्टा केली. काय उत्तर देणार मी? कपाळाचं पूस ते. लगेच पूस. कुंकू गेलं की ती परत मेम, मग सगळ्या घरी जातील." आणि स्वतः बिस्किटांच्या फळीवरचं फडकं पाण्यात बुडवून त्यांनी माझ्या हातात दिलं.

फडकं ओलं होतं. रांग जागच्या जागी थांबली. त्यांनी ऐकलं नव्हतं, पण ओलं फडकं आणि हिरवा चुडा एका जागी दिसल्यावर सांगायला काही लागत नाही. भागूबाई दोन पावलं मागं सरकली. मावशी जिन्याच्या वर, बाळूला कडेवर घेऊन उभी. मला समोर मेमचं कपाळ दिसत होतं आणि मेमचं दिसत नव्हतं. पुसलं नाही तर मी गेले. काम गेलं, मावशीचंही जाईल, पेटी कोठीमागून निघेल. फडक्याचं पाणी माझ्या कोपरापर्यंत ओघळलं. जन्मात मी कुणाला नाही म्हटलं नव्हतं.

"बाई, मी पुसणार नाही."

"मग? ही देवी होऊन राहील माझ्या जिन्याखाली?"

"नाही बाई. पाठवणी करते हिची. गौरीची करतात तशी."

हे मला कुठून सुचलं माहीत नाही. आमच्या गावी आई करायची ते आठवलं एवढंच. गौर तीन दिवस राहते, मग दहीभात भरवून तिला पाठवतात. कुणी तिचं कपाळ पुसत नाही. खोरशेदबाईंना कळेना. पण भागूबाईनं बरोबर पकडलं. "व्हय, व्हय! तेच म्हन्ते मी. आल्याली लेक पुसून काडत न्हाईत बाई, पाठवून देत्यात. दहीभात आना कुनीतरी."

दहीभात मावशीच्या डब्यात होता. ज्या भाताशी माझं जमत नव्हतं, तोच मी मेमच्या ओठांना लावला. तिच्या बैठकीवर अक्षता टाकल्या आणि तिला जागेवर जराशी हलवली.

"आता कुटं पाठवायची?" रांगेतून कुणीतरी विचारलं. "सासर कुटं हिचं?"

"विलायतेला," कॅशियरकाका वरून म्हणाले.

"तितं यष्टी जाती का?" भागूबाई म्हणाली, आणि सगळ्या बायका हसल्या, खोरशेदबाईसुद्धा.

"वर आणा गं तिला," मावशी जिन्यावरून म्हणाली. "शिवणखोलीत. आमच्यात राहील."

पुरुषांना हात लावू दिला नाही. आम्ही बायकांनीच बैठक धरली, कुणी कंबर, कुणी खांदे. बैठक जड, जिना अरुंद, आणि त्या बायका गौरीची गाणी म्हणत एकेक पायरी चढत होत्या, अनवाणी. वळणावर मेमचा वर केलेला हात तारेला लागला आणि रिकामी चिमणी सूंऽऽ करत कॅशियरच्या खिडकीवर जाऊन आदळली. "चिमणी आली!" सगळ्या एकदम ओरडल्या, त्यांना तो शब्द कुणी सांगितला, देव जाणे. बंगल्यावरच्या बाईचा माणूस कॅमेरा घेऊन आला तेव्हा जिन्याखाली काहीच उरलं नव्हतं, खोरशेदबाई सोडून. त्या वाकून फरशीवर सांडलेले तांदूळ वेचत होत्या, पायाखाली येऊ नयेत म्हणून.

शिवणखोलीत मेमला कोपऱ्यात उभी केली आणि बायका खाली जायला वळल्या. वळताना त्यांना वरचा मजला दिसला. पायरीवरून माघारी जाणाऱ्या त्या बायका पहिल्यांदाच कापडाच्या कपाटांसमोर उभ्या होत्या. भागूबाईनं एका लुगड्याचा काठ अंगठ्यानं दाबून बघितला. "कोरडं हाय की. आमच्या घरात समदं वलं." ती शेगडीची माझी मेहनत होती. त्या दिवशी तिनं लुगडं घेतलं नाही. पुढच्या बाजारला सुनेला घेऊन आली. एकदा चढलेला जिना त्यांना मग जड वाटला नाही, आणि कापडखातं त्यानंतर पुष्कळ वर्षं चाललं. बाईंनी मेमला मात्र पुन्हा खाली आणलं नाही. कॅशियरकाकांनी सुचवलं होतं, की दर बाजारला नवं लुगडं नेसवून दारात ठेवू. बाई म्हणाल्या, "नाही. पाठवली ना तिला? मग?" ओटीच्या तांदळाचा मावशीनं गूळ-खोबरं घालून भात केला आणि सगळ्या दुकानानं तो वरच्या फरशीवर बसून खाल्ला. बाईंनी दोनदा घेतला. मी पण.

पण त्या संध्याकाळचं राहिलंच. दुकान बंद करताना बाई चष्मा पुसत माझ्याकडं बघत राहिल्या. "तू हिची भाची ना? किती दिवसांसाठी आलीस तू?"

जो प्रश्न मी वर्षभर चुकवत होते, तो असा सरळ समोर येऊन उभा राहिला. मावशी माझ्या आधी बोलली. "माझीच हाय ती, बाई. हितंच असती."

चाळीकडं जाताना धुकं उतरलं होतं. बाळू मावशीच्या खांद्यावर झोपला होता. मी म्हणाले, "मावशी, दोन महिने कधीच झाले."

"कोण मोजायलंय?"

"काका काही म्हणाले तर?"

मावशी थांबली. "येडी हाईस का? पेटी कुटं लपवलीस ते मला ठावं न्हाई व्हय? तू ठेवलीस, पर तिचं कडं बाहेर दिसायलं होतं. मीच आत सारली. म्हटलं, तुझी आई न्यायला आली अन् पेटी दिसली तर म्हणंल, चल." मग थोडं चालून म्हणाली, "मी बी भेतेच की गं."

आई आली ती न्यायला नाही, भेटायला, फार पुढं, माझं लग्न लोणावळ्यातच ठरल्यावर. तिला दुकान दाखवलं. शिवणखोलीच्या दारातच ती थांबली. आत सवाष्णीला आपली सावली नको, असं तिचं. तिथून मेमच्या कपाळाकडं बराच वेळ बघत राहिली. "हिचं राहिलं की गं," एवढंच म्हणाली. मी त्या दिवशी कितीतरी वर्षांनी तिच्या तोंडाकडं बघितलं. आणि माझे यजमान गेले तेव्हा चाळीतल्या बायका ओलं फडकं घेऊन आल्या, तर त्यांच्या आणि माझ्या मध्ये मावशी येऊन उभी राहिली होती, कमरेत वाकलेली, हातात काठी. "हात लावायचा न्हाई," म्हणाली. मी आजही टिकली लावते.

दुकान बंद पडून जमाना झाला. खाली आता मोबाइलचं शोरूम आहे. वरचा मजला खोरशेदबाईंच्या भाचीनं राखला आणि तिथं गेल्या वर्षी छोटंसं संग्रहालय झालं. तिथं काम करणारी ऋतुजा नावाची मुलगी जुन्या कामगारांना शोधत माझ्याकडं आली. मी म्हटलं, अगं, मी पाचवी शिकलेली, मला काय विचारतेस. आणि मग चार दिवस झोपले नाही, की आपण काहीतरी चुकीचं सांगू. जिना चढताना मी चपला हातात घेतल्या. पितळी गज काचेत आहे. तारेवर चिमणी आहे, दोरी ओढू देतात. माझी शेगडी रिकामी बघून मला कसंतरीच झालं. आणि कोपऱ्यात मेम, कसल्याशा फिकट झग्यात, हात वर, कपाळावर तांबूस डाग.

"आजी, हे काय आहे ते कळत नाहीये आम्हाला," ऋतुजा म्हणाली. "गंज असेल असं वाटलं. पुढच्या आठवड्यात साफ करायला पुण्याहून माणूस येतोय. सगळं मूळ होतं तसं करणार आहे. म्हटलं, आधी तुम्हाला विचारावं."

मी तिला सांगितलं, इथं लिहिलंय ते सगळं. ती खाली बसून ऐकत होती. संपल्यावर तिनं उठून फोन लावला आणि त्या माणसाला म्हणाली, कपाळ सोडून बाकीचं करा. फोन ठेवून माझ्याकडं वळली. "आजी, तुम्ही नेसवाल? नऊवारी?"

लुगडं तिनं बाजारातून आणलं. मांजरपाटाची पट्टी मी घरून नेली. काष्टा दोनदा सुटला. सुरू करायच्या आधी ऋतुजाला काय वाटलं कुणास ठाऊक, तिनं तिथल्या दोन मुलांना खाली पाठवलं, काचेच्या पेट्यांवर टाकायची पांढरी चादर काढली आणि दुसऱ्या मुलीला घेऊन ती मेमभोवती धरून उभी राहिली. मी ऋतुजाला रिवाजाबद्दल सांगितलं होतं, पण धर म्हणून नव्हतं सांगितलं. ओच्यात मी मूठभर तांदूळ बांधले. या वेळी विसरले नाही.

चादर खाली करताना ती दुसरी मुलगी सहज बोलावं तसं म्हणाली, "आजी, तुम्ही मूळच्या इथल्याच का, लोणावळ्याच्या?"

"नाही गं," मी म्हणाले. "दोन महिन्यांसाठी आलेय."